खाडाखोडीबद्दल विचारा
वाचकांचे प्रश्न, मुलाखतकाराची उत्तरं

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात एका कथालेखिकेची मुलाखत मला घ्यायची आहे. ‘लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?’ असं विचारून सुरुवात करणार होते. मैत्रीण म्हणते, हा प्रश्न गुळगुळीत झालाय. मग सुरुवात कशानं करू?

मैत्रिणीचं ऐका. प्रेरणेच्या प्रश्नाचं उत्तर लेखिकेकडे तयार असतं. अनेक व्यासपीठांवर देऊन झालेलं, तिला स्वतःलाही पाठ झालेलं. ते देताना तिला थांबून आठवावं लागत नाही, आणि मुलाखतीतली खरी मजा तर तिच्या आठवण्यात असते.

त्याऐवजी कामाबद्दल विचारा. खाडाखोडीबद्दल विचारा. १९५८ साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकात अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेची जॉर्ज प्लिम्प्टननं घेतलेली मुलाखत छापून आली. त्यात प्लिम्प्टननं साधंच विचारलंय : तुम्ही पुनर्लेखन किती करता? हेमिंग्वे म्हणाला, ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचं शेवटचं पान समाधान होईपर्यंत ३९ वेळा लिहिलं. प्लिम्प्टन तिथं थांबला नाही. अडत काय होतं, हेही त्यानं विचारलं. उत्तर आलं : शब्द नेमके बसवणं. प्रेरणेवरचं तासाभराचं भाषण ऐकूनही लिहिणाऱ्याच्या कष्टांची एवढी कल्पना येणार नाही. पुढे २०१२ साली त्या कादंबरीची जी आवृत्ती निघाली, तिच्यात हस्तलिखितांमधून गोळा केलेले ४७ शेवट छापले आहेत. म्हणून लेखिकेकडे जुने खर्डे असतील तर ते मुलाखतीआधी बघायला मागा. आठवण एक सांगते, कागद त्यात भर घालतो.

खर्डे मिळाले नाहीत तरी छापलेलं पुस्तक आहेच. ते दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जिथं अडखळलात तिथं खूण करा. एका लेखिकेच्या दीर्घकथेत थोरली बहीण सुरुवातीला ठसठशीत येते आणि मधल्या भागात पार दिसेनाशी होते. मी पहिलाच प्रश्न तो विचारला : ही गेली कुठे? लेखिका बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तिचं अख्खं प्रकरण लिहून झालं होतं, पण ती आली की धाकटी बोलायचीच थांबायची, म्हणून काढून टाकलं. त्यानंतर लेखिका त्या काढलेल्या प्रकरणाबद्दलच बोलत राहिल्या. त्यात काय घडत होतं, त्यातली कोणती दोन वाक्यं वाचवून धाकटीच्या तोंडी घातली, सगळं सांगितलं. मला पुढचे प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

आणि हो, त्या गप्प बसतील तेव्हा तुम्हीही गप्प बसा. घाबरून पुढचा प्रश्न टाकलात तर आतून वर येत असलेलं उत्तर तिथंच विरून जातं.

प्रश्न : इतकं तांत्रिक विचारलं तर साधे श्रोते कंटाळणार नाहीत का?

तपशील डोळ्यांपुढे उभा राहिला तर नाही कंटाळत. फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो १९६२ साली रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकशी काही दिवस सलग बोलत बसला होता, एकेक चित्रपट घेऊन. मध्ये दुभाषी होती, तरी गप्पा अडल्या नाहीत. ‘सस्पिशन’मध्ये नायक दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, त्या दृश्याचा विषय निघाला. हिचकॉक म्हणाला, मी दुधात दिवा ठेवला होता. त्रुफोनं लगेच विचारलं, म्हणजे ग्लासवर प्रकाशझोत टाकलात? नाही, हिचकॉकनं सांगितलं, ग्लासच्या आतच दिवा होता, कारण सगळ्यांची नजर त्या ग्लासवरच खिळायला हवी होती.

हा तांत्रिक तपशीलच आहे, पण तो ऐकल्यावर कुणीही ते दृश्य पुन्हा बघायला धावेल. त्रुफोचा तो छोटासा उपप्रश्न बघा. उत्तर समजल्यासारखी मान डोलावली असती तर वाचकांना झोतच वाटत राहिला असता. समजलं नाही की तिथल्या तिथं विचारायचं. मुलाखतकार श्रोत्यांच्या वतीनंच तर समोर बसलेला असतो.

प्रश्न : एका शिल्पकारांची मुलाखत घ्यायला गेलो. ‘माझं काम बोलतं’ एवढंच म्हणाले. पुन्हा जायचं आहे, काय करू?

खुर्च्या मांडून समोरासमोर बसू नका. ते काम करत असताना जा आणि हत्यारांबद्दल विचारा. मातीकाम करणाऱ्या एका शिल्पकाराची लाकडी पट्टी एकाच कडेनं झिजलेली दिसली, म्हणून मी कारण विचारलं. त्यांनी पट्टी हातात घेऊन गालाचा उतार कसा ओढतात ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता बोलायला लागले. ‘या शिल्पाचा अर्थ काय’ हे मात्र विचारू नका. तो शब्दांत सांगायचा असता तर त्यांनी मातीत हात घातला नसता.

प्रश्न : लेखक ई-मेलवर उत्तरं पाठवतो म्हणतात. चालेल?

चालेल. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह आधी लेखी प्रश्न मागवायचे आणि उत्तरंही लिहूनच द्यायचे. फक्त उपप्रश्नांची दुसरी फेरी आधीच कबूल करून घ्या.

प्रश्न : शब्दांकन करताना किती बदल करावेत? आणि छापण्याआधी कलावंताला दाखवावं का?

दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. बोलताना माणूस वाक्य अर्धं सोडतो, नाव चुकतो, त्याला ते सुधारू द्या. पण धारदार वाक्य बोथट करायला लागला तर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवा आणि हे का नको वाटतं ते विचारा. पुष्कळदा त्याचंच एक नवं, चांगलं उत्तर मिळतं.

क्रम बदलायला हरकत नाही. कलासमीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टरनं चित्रकार फ्रान्सिस बेकनच्या मुलाखती १९६२पासून पुढे वर्षानुवर्षं घेतल्या. पुस्तक करताना बोलण्याचा क्रम त्यानं पुष्कळ हलवला, आणि तसं प्रस्तावनेत सांगितलं. तुम्हीही सांगा, एका ओळीत. बोललेल्याचा क्रम हलवता येतो, न बोललेलं वाक्य मात्र कुणाच्या तोंडी घालायचं नाही, मग ते कितीही शोभणारं असो. ‘म्हणजे’, ‘तसं बघितलं तर’ असले अडखळे काढताना सगळे काढू नका. प्रत्येकाची बोलायची एक लकब असते, ती दोन-तीन ठिकाणी राहू द्या. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा, त्यावर तारीख आणि ठिकाण नोंदवून.