खाडीजवळून तेलाची पाईपलाईन जातेय, फुटली तर कांदळवन कसं वाचवायचं?

तेल तिवरांत (कांदळवनातल्या झाडांत) शिरायच्या आधीच अडवायचं, कारण एकदा आत गेलं की ते काढणं जवळपास अशक्य. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, त्यातूनच झाड श्वास घेतं, त्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं आणि मग निवट्या, चिंबोऱ्या, कालवं सगळ्यालाच फटका बसतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा जहाजाचं तेल उरण-अलिबागकडे आलं तेव्हा हे बघितलंय लोकांनी, आता ते जहाजाचं होतं पण पाईपलाईनचं कच्चं तेलही असंच चिकटतं.

म्हणून खाडीच्या दोन्ही काठांना व्हॉल्व्ह हवेत, प्रेशर पडलं की लगेच कळणारी सिस्टीम हवी, आणि तरंगते बूम (पाण्यावर तेल अडवणारे लांब पट्टे) खाडीच्या तोंडाशीच ठेवलेले हवेत, मुंबईहून मागवेपर्यंत भरती आली तर तेल थेट झाडांत! ग्रामसभेत कंपनीला हे लेखी विचारा.

तवंग दिसला तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. आणि प्लीज, बादल्या घेऊन चिखलात उतरू नका, पायांनी तेल अजून खोल दाबलं जातं.