धुऱ्यावरचे लेकरू

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. सासर कॅथलिक, माहेर प्रोटेस्टंट. माझे बाळ एकविसाव्या दिवशी तापाने गेले. पाहुण्यांना येता यावे म्हणून बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा संस्कार) कापसाची वेचणी आटोपल्यावर ठेवला होता आणि पुढची तारीख मीच सुचवली होती. रात्री ऑटोतून दवाखान्यात नेताना माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती. नंतर कोणीतरी म्हणाले की तेव्हा तूच बाप्तिस्मा देऊ शकली असतीस. चर्चच्या कब्रस्तानात चालणार नाही असे समजून बाळाला शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) पुरले. सासूबाई म्हणतात, “आत ना बाहेर, लेकरू धुऱ्यावरच राह्यलं.” त्यांचेही पहिले मूल असेच गेले होते. माहेरच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) म्हणतात, बाळाला पापच नसते. रात्री झोप लागत नाही. खरे काय मानू? शिवून ठेवलेल्या पांढऱ्या झबल्याचे काय करू?

उत्तर : प्रिय भगिनी, बाटलीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या मनाला तीच सर्वाधिक टोचत असावी. जिवावरचा प्रसंग असेल तर योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हा कॅथलिक चर्चचा नियम खरा आहे आणि तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. परंतु अंधाऱ्या रस्त्यावर तापलेले लेकरू छातीशी धरून बसलेल्या आईला, जो नियम तिला कोणी कधी सांगितलाच नाही, तो आठवला नाही म्हणून दोषी धरणे हा निव्वळ अन्याय आहे. शिवाय १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातच असे म्हटले आहे की देवाने तारण (आत्म्याची मुक्ती) बाप्तिस्म्याशी जोडले असले, तरी देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळते. त्यांना ठाऊक नसेल, पण त्यांनी एका जुन्या लॅटिन शब्दाचे नेमके मराठी केले आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या जागेला मध्ययुगीन पंडित ‘लिंबो’ म्हणत आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ काठ, किनार, म्हणजे आपल्याकडचा धुराच. ही कल्पना का निघाली हे समजून घेतले, तर तिची भीती कमी होईल असे मला वाटते.

पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील बिशप संत ऑगस्टीन यांनी असे मांडले की पहिला मनुष्य आदाम याच्या अपराधात प्रत्येक मनुष्य जन्मतःच सहभागी असतो, म्हणून बाप्तिस्म्याविना गेलेले बालकही शिक्षेला पात्र ठरते, मात्र ती शिक्षा सर्वांत सौम्य असते. त्यांच्यासमोरच्या लॅटिन बायबलमध्ये, त्यातल्या ‘रोमकरांस पत्र’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, आदामा‘मध्ये’ सर्वांनी पाप केले असा अर्थ निघत होता. मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा अर्थ अधिक सरळ लागतो. पूर्वेकडील ग्रीक परंपरेच्या मंडळ्यांनी म्हणूनच असे मानले की आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपणा मिळाला, त्याचा अपराध नव्हे. आणि खुद्द ऑगस्टीन तरी निःशंक होते का? ४१५ साली बायबलचे भाषांतरकार संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे की बालकांच्या शिक्षेचा विषय निघाला की आपण मोठ्या पेचात पडतो आणि काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. म्हणजे तुमचाच प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी त्यांनीही पत्रानेच विचारला होता.

ही शिक्षा पुढच्या पिढ्यांना सोसवेना, तेव्हा लिंबोची कल्पना रुजली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर तेथील बालकांना कसलेही दुःख नसते, उलट स्वाभाविक सुख असते, फक्त देवाचे दर्शन नसते, असे म्हटले. सासूबाईंच्या मनातला अंधार त्यात कुठेच नाही. लिंबो हा चर्चचा बंधनकारक सिद्धान्त कधीच झाला नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने याच प्रश्नावर सविस्तर लिहून, अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणे आहेत, असा निर्वाळा दिला. ती खात्री नव्हे, आशा आहे, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. मीही तुम्हाला त्याहून अधिक काही देऊ शकत नाही.

माहेरच्या पाळकांचे म्हणणे वाटते तितके लांबचे नाही. मूळ पाप, म्हणजे आदामापासून आलेले पाप, हे ‘केलेले’ पाप नसून जन्मासोबत आलेली उणीव आहे, बालकाचा त्यात वैयक्तिक दोष नाही, हे वर उल्लेखलेला १९९२चा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. पाळक बहुधा बायबलमधील दावीद राजाचा दाखला देतील. मूल गेल्यावर तो म्हणाला होता की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. ते मूल सातव्या दिवशी गेले असे तिथे म्हटले आहे, आणि तो दिवस जन्मापासूनचा धरला, तर देवाच्या लोकांत घेण्याची खूण असलेली आठव्या दिवसाची सुंता होण्याआधीच ते गेले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कब्रस्तानाविषयी तुमच्या घरात गैरसमज झालेला दिसतो. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता आणि त्याआधीच मूल गेले, तर चर्चविधीने अंत्यसंस्कार करण्याची परवानगी बिशप देऊ शकतात, हे कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत (कायद्याच्या ग्रंथात) स्पष्ट आहे. तुमचा विचार होताच. ठरलेली तारीख आणि ते झबले दोन्ही त्याची साक्ष देतात. तेव्हा फादरांना भेटा, बाळाच्या नावाने मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) सांगा आणि शेतात येऊन कबरेवर प्रार्थना करण्याची विनंती करा. यजमानांना सोबत न्या आणि सासूबाईंना तर न्याच. त्यांना खडसावू नका. लहानपणी जे शिकवले गेले तेच त्या बोलतात, आणि स्वतःच्या पहिल्या लेकरासाठी हा प्रश्न त्यांनी इतकी वर्षे कोणालाच विचारलेला नसावा. फादरांना दोन्ही बाळांची नावे सांगा. नाव ठेवलेले नसेल, तर आता ठेवा.

झोप लागत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीशी बोलून डॉक्टरांना दाखवून घ्या, हे लांबवू नका.

झबले सध्या पेटीतच असू द्या. फादर येतील त्या दिवशी ते शेतात घेऊन जा. कबरेत ठेवायचे की परत घरी आणायचे, हे तुम्ही आणि सासूबाई दोघींनी तिथेच, धुऱ्यावर बसून ठरवा.