‘मोबी डिक’ वाचून झालं. आता मेलव्हिलचं दोन खंडांचं संशोधनपर चरित्र वाचावं का?

वाचा, पण चरित्रकार हर्शेल पार्करच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. १९९६ आणि २००२ साली आलेले हे दोन खंड मिळून दोन हजारांच्या आसपास पानं होतात. घराण्याची कर्जं, नातलगांच्या भेटीगाठी, कोण कुठे मुक्कामाला गेलं, सगळं त्यात आहे. मेलव्हिल या माणसात आधीच रस नसेल तर शंभराव्या पानाच्या आत पुस्तक मिटाल.

अशा चरित्राचा कस कुठे लागतो? माझ्या मते, जिथे कागद संपतात तिथे. मेलव्हिलच्या बाबतीत ते वारंवार संपतात. ‘मोबी डिक’ ज्याला अर्पण केली त्या कादंबरीकार हॉथॉर्नची मेलव्हिलला लिहिलेली पत्रं जवळजवळ सगळी नाहीशी झाली आहेत. म्हणजे या मैत्रीत आपल्याला ऐकू येतं ते बहुतेक एकट्या मेलव्हिलचं. पहिल्या खंडाच्या अखेरीस, नोव्हेंबर १८५१ मध्ये, लेनॉक्सच्या हॉटेलात मेलव्हिल नवी कादंबरी हॉथॉर्नच्या हातात ठेवतो. सुरेख प्रसंग आहे, पण तो पार्करने आजूबाजूच्या पुराव्यांवरून जुळवलेला आहे. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

याच पार्करची चिकाटी दुसऱ्या खंडात कामी येते. १९८३ साली मेलव्हिलच्या बहिणीचे, ऑगस्टाचे, कागद सापडले. त्यांतल्या पत्रांत ‘आइल ऑफ द क्रॉस’ हे नाव आलं. ‘मोबी डिक’नंतरची ‘पिएर’ ही कादंबरी आपटल्यावर, १८५३ मध्ये, मेलव्हिलने आणखी एक पुस्तक लिहून पूर्ण केलं होतं, असं पार्करने त्यावरून मांडलं. ते छापलं गेलं नाही, हस्तलिखितही मिळालेलं नाही. अपयशानंतर मेलव्हिल रुसून बसला, ही लाडकी दंतकथा मात्र त्यामुळे बरीच ढिली पडते. १८६० मध्ये मेलव्हिल कवितासंग्रह छापायला निघाला होता, असंही पार्कर सांगतो; यावर काही समीक्षकांनी शंका घेतली. पण प्रकाशनाबद्दल त्याने धाकट्या भावाला लिहून दिलेल्या सूचना उपलब्ध आहेत! इथे मी बिनदिक्कत पार्करच्या बाजूने.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अँड्र्यू डेलबँकोचं २००५चं एका खंडातलं चरित्र. पार्करवर टीका करणाऱ्यांत डेलबँकोही होता, हे वाचताना ध्यानात असू द्या. मग थेट पार्करचा दुसरा खंड, त्यातही १८६६ पासूनची वर्षं: न्यूयॉर्कच्या जकात खात्यातली एकोणीस वर्षांची नोकरी, १८६७ साली थोरल्या मुलाचा घरातच पिस्तुलाच्या गोळीने झालेला मृत्यू, आणि तरीही चालू राहिलेलं लेखन. पहिला खंड संदर्भासाठी जवळ ठेवा, सलग वाचायची गरज नाही.

आणि मेलव्हिलची ‘बिली बड’ ही लघुकादंबरी वाचली नसेल तर ती या सगळ्याच्या आधी वाचा. ती मेलव्हिलच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, १९२४ मध्ये छापली गेली. चरित्रकार तिचा शेवट सांगून मोकळे होतात.