घराचे आरसीसी काम चालू असताना मालकाने साइटवर थांबायलाच हवे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावी घर बांधायला काढले आहे, प्लिंथ (जोते) पूर्ण झाली आहे, आता आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम, बीम आणि स्लॅबचे काम सुरू होईल, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, बांधकामातले तुम्हाला काही कळत नाही, तेव्हा हा टप्पा इंजिनिअर आणि ठेकेदारावर सोपवावा की रजा काढून साइटवर थांबावे?

थांबावे. घराच्या साऱ्या कामात रजा खर्च करण्याजोगा काळ कोणता असेल, तर तो सांगाडा उभा राहण्याचाच आहे. फरशी आणि रंग निवडण्यासाठी माणसे दुकानांमागून दुकाने पालथी घालतात. परंतु फरशी उखडून पुन्हा बसवता येते, गिलावा पुन्हा करता येतो, काँक्रीटच्या पोटात गेलेली सळई मात्र कायमची नजरेआड होते. आणि ‘मला काही कळत नाही’ हे कारण मला मुळीच मान्य नाही. हेच वाक्य माझ्याविषयी माझ्याच घरात बोलले गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे घर पाटण तालुक्यात आहे. आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीतील नकाशात कोयना परिसर भूकंपाच्या चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या झोनमध्ये येतो. माझ्या सासऱ्यांनी 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाहिली आहे. सव्वाचारच्या सुमारास घराची दगड-मातीची भिंत त्यांच्यासमोर आत कोसळली होती, आणि पुढे आयुष्यभर ते उंबऱ्याजवळच झोपत. नवे घर बांधायचे ठरले तेव्हा त्यांची एकच अट होती, की ते हलले तरी पडता कामा नये. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी होते, मी तालुक्यातील शाळेत गणित शिकवत होते, आणि ठेकेदार धाकट्या दिरांच्या ओळखीचा होता. शाळा सुटल्यावर साइटवर जाण्याचे काम माझ्याकडे आले.

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमचा तपशील स्वच्छ काढलेला होता. कॉलमच्या वरच्या व खालच्या टोकांना दीड फुटाच्या पट्ट्यात 8 मिमीच्या रिंगा (उभ्या सळयांभोवती बसणाऱ्या, चौकोनी वाकवलेल्या सळया) 75 मिमी अंतरावर आणि मधल्या भागात 150 मिमी अंतरावर दाखवल्या होत्या. कोपऱ्यात रिंगेच्या हुकाचे वेगळे लहानसे चित्र होते. त्यावर 135 अंश हा कोन आणि टोकाची लांबी 65 मिमी असे लिहिले होते. कोन आणि मापे वाचणे हे माझे रोजचे काम असल्याने माझी नजर तिथेच गेली.

साइटवर फिटर एका जाड फळीवर ठोकलेल्या खुंट्यांमध्ये सळई अडकवून रिंगा वाकवत होता. त्याचा हात अतिशय बसलेला होता. चार बाजू वाकवून तो रिंग ढिगावर टाकी आणि न बघता पुढची सळई उचली. शेवटची दोन टोके मात्र तो काटकोनात सोडत होता. माझ्या पिशवीत कोनमापक होता, तो काढून मी ढिगातल्या रिंगांना लावून पाहिला, तर सगळ्या 90 अंशांच्याच निघाल्या. मी त्याला कारण विचारले. त्याने सरळ सांगितले, की 135 अंशांचा हुक केला तर उभ्या सळयांवरून रिंग खाली सरकवताना अडकते, वेळ जातो, आणि आजवर कोणी मालकाने ते मागितलेले नाही. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याला मजुरी कामाच्या वेगावर मिळत होती आणि ड्रॉइंग त्याला कोणी दाखवलेलेच नव्हते.

हुकाच्या या कोनाला इतके महत्त्व का, हे प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावे. रिंगेचे काम उभ्या सळयांना जागेवर धरणे एवढेच नसते; आतल्या काँक्रीटला चारही बाजूंनी आवळून धरणे हे तिचे मोठे काम असते. भूकंपात कॉलम मागेपुढे हलतो तेव्हा सळईबाहेरचे कव्हरचे काँक्रीट आधी सुटून पडते. काटकोनातील टोक त्या कव्हरमध्येच असल्यामुळे ते मोकळे होते, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात आणि आतल्या काँक्रीटचा भुगा होतो. 135 अंशांचे टोक आतल्या गाभ्यात रुतलेले असते, म्हणून कव्हर गेले तरी रिंग सुटत नाही. भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी कामासाठीच्या आयएस 13920 या मानकाने हा हुक सुचवलेला नाही, बंधनकारक केलेला आहे.

संध्याकाळी भाऊजी आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितले, “वहिनी, हा मिस्त्री पंचवीस वर्षे घरे बांधतोय, एकही पडलेले नाही. तुम्ही तुमची शाळा बघा.”

या युक्तिवादाचा मला आजही राग येतो, कारण तो प्रत्येक गावात ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला पटतो. जे घर अजून जोरात हललेलेच नाही, ते पडले नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये आरसीसीच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्याही आदल्या दिवसापर्यंत उभ्याच होत्या, आणि त्याही अनुभवी माणसांनीच बांधलेल्या होत्या. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसे मारली, त्यावरून ‘आरसीसी केले की भीती नाही’ असा समज आपल्याकडे पसरला. भीती आहे. आरसीसीचा सांगाडा तपशिलात चुकला, तर त्याचा स्लॅब माणसावर येतो.

मी इंजिनिअरला फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, वाकवलेल्या रिंगा बाजूला काढायला लावल्या आणि नव्या कापून घेतल्या. ठेकेदार काही दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यापेक्षा अवघड प्रसंग पुढे आला, बीम आणि कॉलम जिथे मिळतात त्या सांध्यावर. तिथेही कॉलमच्या रिंगा चालू राहिल्या पाहिजेत. पण बीमचा पिंजरा बांधून झाला की आत रिंग घालायला जागा उरत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी सांधा रिंगांवाचून तसाच भरला जातो. त्या रिंगा बीमच्या सळया ओवण्याआधीच कॉलमवर चढवून ठेवाव्या लागतात. आमच्याकडे जिन्याजवळच्या दोन सांध्यांवर त्या राहिल्या होत्या, आणि ते स्लॅबच्या आदल्या दिवशी लक्षात आले. मिक्सर आलेला, मजूर ठरलेले, भाऊजींनी मजुरांच्या जेवणाची व्यवस्था केलेली. मी स्लॅब पुढे ढकलायला लावला. त्या दिवशी घरात जे शब्द बोलले गेले, ते इथे लिहीत नाही. बीमच्या सळया सोडून रिंगा घातल्या गेल्या आणि मगच काँक्रीट झाले. सासरे त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत, परंतु सांधा बांधून होईपर्यंत ते शिडीजवळ खुर्ची टाकून बसून होते.

ठेकेदाराचा अपमान झाला, पैसे वाया गेले, असे भाऊजी अजूनही लग्नकार्यात चारचौघांत सांगतात. घराच्या एकूण हिशेबात तो खर्च शोधूनही सापडत नाही. अपमानाविषयी बोलायचे, तर ड्रॉइंगप्रमाणे काम मागण्याने ज्याचा अपमान होतो, त्याने ते काम घेऊच नये.

दुसरा वाद कॉलमच्या रुंदीचा होता, आणि तो तुमच्याही घरात होईल. नऊ इंची भिंतीत बारा इंची कॉलम घेतला की खोलीच्या कोपऱ्यात तीन इंचांचा कोपरा बाहेर येतो. मग कपाट नीट बसत नाही आणि सगळे नातेवाईक नऊ इंची कॉलमचा आग्रह धरतात. आयएस 13920 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार कॉलमची लहान बाजू किमान 300 मिमी हवी. कपाट सुताराकडून हवे तसे करून घेता येते. इंजिनिअरने बारा इंच लिहिले असेल, तर नातेवाइकांच्या सांगण्यावरून ते कमी करून मागू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. रोज थांबण्याची गरज नाही. काँक्रीट होण्याच्या आदल्या दिवशी आणि काँक्रीटच्या दिवशी मात्र थांबलेच पाहिजे, मग ते कॉलम असोत, बीम असोत की स्लॅब. आदल्या दिवशी ड्रॉइंग आणि टेप हातात घेऊन सळयांची संख्या, जाडी आणि अंतर मोजावे, कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू न देणारे ठोकळे) बसवले आहेत का ते पाहावे आणि प्रत्येक कॉलमचा टेप लावून फोटो घ्यावा. संडास-बाथरूमचे पाइप बीममधून जाणार असतील, तर त्यांची जागा इंजिनिअरला विचारून आधीच ठेवून घ्यावी, कारण नंतर प्लंबर बीम फोडतो आणि कोणाला सांगतही नाही.

गॅलरी आणि सज्जा यांकडे विशेष लक्ष द्यावे. भिंतीबाहेर निघालेल्या भागात मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट टाकताना मजूर घमेली घेऊन तिच्यावरूनच ये-जा करतात, पायांखाली ती दबत दबत तळाशी जाते, आणि वरून सर्व काही गुळगुळीत दिसते. अशी गॅलरी टेकू काढताना किंवा पुढे कधीतरी खाली येते. सळई वर धरणाऱ्या चेअर पुरेशा आहेत का ते पाहा, ये-जा करण्यासाठी फळ्या टाकायला लावा आणि त्या कोपऱ्यातून हलू नका.

काँक्रीटच्या दिवशीचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. माल पातळ असला की तो लवकर पसरतो, म्हणून मिक्सरवरचा माणूस डबा ओतत राहतो. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला, पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 धरले, तर वाळूतील ओलावा हिशेबात घेऊन 25 लिटर पाणी होते. ते मापाच्या बादलीनेच घालायला लावावे आणि माल पसरवण्याचे काम व्हायब्रेटरने करावे. क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासण्याचे ठोकळे, भरून घ्यावेत. एक हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब बीम वगळून सुमारे 12 घनमीटरचा होतो, आणि काँक्रीटच्या आयएस 456 या मानकाप्रमाणे 6 ते 15 घनमीटरला दोन नमुने, म्हणजे तीन-तीन क्यूब, 28 दिवसांच्या चाचणीसाठी लागतात. गावाकडे क्यूब कोणी भरत नाही. तुम्ही मागितले तर भरतात.

पुढे पाणी मारणे आणि टेकू काढणे राहते. पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे. साध्या सिमेंटसाठी 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे 14 दिवस आणि 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 दिवस ठेवावेत. पीपीसीसाठी इंजिनिअर याहून अधिक दिवस सांगेल. सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात आणि दुसरी साइट वाट पाहत असते, त्यामुळे ठेकेदार घाई करणारच. त्याच्या घाईला इंजिनिअरचे लेखी उत्तर असावे.

एवढे लिहिल्यावर सांगितले पाहिजे, की मी इंजिनिअर नाही, आणि वरची मापे आमच्या घराची व आमच्या झोनची आहेत. तुमचे गाव कोणत्या झोनमध्ये येते ते इंजिनिअरला विचारा. 2016 च्या त्याच नकाशात पुणे, नाशिक, सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहेत, तर नागपूर दुसऱ्यात आहे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच खरे माना. मजुरांना परस्पर सूचना देऊ नका. त्याने काम बिघडते आणि जबाबदारी कोणाची हे कळेनासे होते. जे खटकेल त्याचा फोटो इंजिनिअरला पाठवा आणि त्याला ठेकेदाराशी बोलू द्या.

रजा मिळतच नसेल तर करारात एक अट घाला: इंजिनिअरने सळया तपासून सही केल्याशिवाय काँक्रीट होणार नाही, आणि स्लॅबचा हप्ता त्या सहीनंतरच मिळेल. इंजिनिअरला प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे द्या आणि त्यात घासाघीस करू नका. तुमचे वडील, बहीण किंवा पत्नी यांपैकी जे कोणी गावी असेल, त्यांच्या हातात ड्रॉइंगची प्रत, टेप आणि इंजिनिअरचा नंबर द्या, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे हे ठेकेदारासमोर, घरातल्या सर्वांसमोर, काम सुरू होण्याआधी स्वतः सांगा. माझ्या यजमानांनी ते फोनवरून सांगितले, तेही सांध्यांचा प्रसंग घडून गेल्यावर. ते आधी सांगितले गेले असते, तर भाऊजींचा आणि माझा निम्मा वाद झालाच नसता.