‘कॅन्ड हीट’ म्हणजे कसली ऊब?

प्रश्न : ताई, माझ्या मुलामुळे मला या वयात ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची, गोडी लागली. टॉमी जॉन्सनचं १९२८ सालचं ‘कॅन्ड हीट ब्लूज’ लावलं की तो म्हणतो, ‘हीट’ म्हणजे शरीराची आग. ब्लूजमधल्या प्रत्येक शब्दाला शेजघरातला अर्थ असतोच, असं त्याचं म्हणणं. खरं आहे का हे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचा कान चांगला तयार झालाय, पण या गाण्यात तो चकला. त्याचा अंदाज पुष्कळ गाण्यांना लागू पडतो. बेसी स्मिथ १९३१ साली आपल्या वाडग्यात थोडी साखर मागते, ती कसली हे सांगायला नको. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली हडसन कंपनीच्या टेराप्लेन मोटारीवर गाणं केलं. त्यात बॉनेट उघडून तेल तपासायची भाषा आहे आणि ती सगळी एका बाईला उद्देशून आहे.

‘कॅन्ड हीट’चा अर्थ मात्र शब्दशः घ्यायचा : डबीत भरलेली ऊब. लग्नाच्या बुफेत भाजीच्या भांड्याखाली निळसर ज्योतीची छोटी डबी ठेवतात ना, तीच ही. अमेरिकेत ती स्टर्नो नावाने मिळायची. टॉमी जॉन्सनच्या मिसिसिपी राज्यात १९०८ पासून १९६६ पर्यंत दारूबंदी होती आणि १९२० ते १९३३ या काळात तर साऱ्या देशातच. हाताशी पैसा नसलेली माणसं डबीतलं जेल फडक्यात घालून पिळायची आणि खाली गळेल ते प्यायची.

मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे गाणं मला स्वस्थपणे ऐकवत नाही. कुणी पिऊ नये म्हणून या इंधनात मुद्दाम मिथेनॉल घालत. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांच्या नसा जातात, कधी जीवही जातो. आपल्याकडे मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून जास्त माणसं याच मिथेनॉलने गेली. ‘कॅन्ड हीट माझा जीव घेतंय’ असं टॉमी जॉन्सन गातो तेव्हा तो घडतंय तेच सांगत असतो. तो उंच, जवळजवळ बाईसारखा चढवलेला सूर त्यानंतर वेगळाच ऐकू येतो.

ब्लूजमध्ये येणाऱ्या ‘जेक’ या शब्दाची गोष्ट याहून वाईट. जेक म्हणजे जमैकन आल्याचा मद्यार्क, औषध म्हणून विकला जाणारा. १९३० साली त्यात एक विषारी रसायन मिसळलं गेलं आणि हजारो माणसांच्या पायातलं बळ गेलं. पाऊल उचललं जाईना, चालताना फटफट आपटायचं. त्यावर लगेच गाणी निघाली. त्या गाण्यांतल्या ‘लुळेपणा’ला मात्र खरोखर दुसरा अर्थ आहे. पुरुषत्वही गेलं, हे तोंडाने न बोलता सांगायची ती वाट होती. म्हणजे मुलगा म्हणतो तो शेजघराचा अर्थ इथे सापडतो, पण सुखाचा नव्हे.

असाच फसवणारा शब्द ‘किलिंग फ्लोअर’. कत्तलखान्यात जनावरं मारतात ती फरशी. ब्लूज गायक स्किप जेम्सने १९३१ साली, मंदीच्या दिवसांत, तो माणसांच्या हलाखीसाठी वापरला.

मुलाने ‘कॅन्ड हीट’ हे नाव आधी एखाद्या रॉक बँडचं म्हणून ऐकलं असेल. १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेल्या त्या बँडने ते टॉमी जॉन्सनच्या याच गाण्यावरून घेतलं.