ती बाहेर होती तेव्हा

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल तीनदा वाचले. आजीच्या सायकलवरच्या लांब प्रवासांबद्दल, पुरात दोर धरून तिने बाहेर काढलेल्या माणसांबद्दल आणि तिने वर्षानुवर्षे चालवलेल्या रात्रीच्या साक्षरता वर्गाबद्दल मामा आणि मावशी भरभरून बोलले, पण तेवढा वेळ तुझी आई गप्प बसून राहिली, आणि तिथेच आजीवरचा तुझा लेख अडला आहे. आईला न छेडता तो पुरा करावा का, असे तू विचारतेस. करू नकोस. आजी बाहेर होती तेव्हा घरी कोण होते, हे आधी शोधून काढ.

मी हे शोधले नव्हते. माझी आजीही अशीच होती: कुठे आग लागली, कुणाचे बाळंतपण अडले, की हातातले काम टाकून निघणारी. ती गेल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी मी तिच्यावर लेख लिहिला आणि तो पुष्कळांना आवडला. थोरल्या आत्याने तो शांतपणे वाचला, कागदाची घडी केली आणि म्हणाली, "सगळे खरे आहे. मी मात्र यात कुठेच नाही." आजी बाहेर असताना धाकट्या चार भावंडांना सांभाळण्यासाठी तिची शाळा अकराव्या वर्षी सुटली होती. हे मला ठाऊक होते. तरीही मी तिला पुढे काही विचारले नाही आणि चार वर्षांनी तीही गेली. मी खोटे काहीच लिहिले नव्हते, जागा थोडी होती, आणि शोकाच्या दिवसांत घरच्यांनाही तसाच लेख हवा होता. ही कारणे मी आजही स्वतःला देतो आणि ती खरीही आहेत, पण आत्याच्या त्या वाक्यापुढे त्यांतले एकही टिकत नाही.

घरातले लिहिल्याने आजी लहान होईल, ही तुझी भीती मला मुळीच पटत नाही. एमा गेटवूड या अमेरिकन आजीबाईंचे उदाहरण घे. अकरा मुलांची ही आई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतली सुमारे ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन पायवाट एकटीने, एकाच हंगामात चालून गेली. असे करणारी ती पहिली स्त्री. खांद्यावरची घरी शिवलेली पिशवी आणि पायांतले साधे कॅनव्हासचे बूट वर्तमानपत्रांनी कौतुकाने रंगवले. त्यांना ती आपण विधवा असल्याचे सांगे. प्रत्यक्षात मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून तिने १९४१ साली घटस्फोट घेतलेला होता आणि तो हयात होता. त्या संसारात जीव घुसमटला की ती जंगलाचाच आसरा घेत असे. हे कळल्यावर तिची वाटचाल लहान होते का? मला तर ती तेव्हाच कळली. घरात काय होते हे ठाऊक नसेल, तर बाहेरचे धाडस नुसतीच करामत वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. उतारवयात माणसे आयुष्य आठवू लागली, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा कितीतरी जास्त वर येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे. म्हणून आजीने स्वतः तुला सांगितलेल्या गोष्टींत तिचे तारुण्यच अधिक असणार. तिची पस्तिशी-चाळिशी, म्हणजे जेव्हा तिची मुले वाढत होती ती वर्षे, तिच्या मुलांकडेच सापडतील. त्यातही मामा तेव्हा लहान होते, मावशी त्याहून लहान. थोरली तुझी आई आहे. जिच्याकडे सर्वांत जास्त ऐवज आहे तिलाच वगळून तू लेख संपवायला निघाली आहेस, याचा मला खरोखर राग येतो.

रागावलो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तू त्या गप्प बसण्यापाशी थांबलीस. मी तुझ्या वयात थांबलो नव्हतो. आईने काही सांगायचे नाही असे ठरवले, तर तोही तिचा हक्क आहे, आणि मग "याबद्दल आई बोलली नाही" एवढेच लिही. मामांकडून ऐकलेले तिच्या तोंडी घालू नकोस. दोघांच्या हकिकती जुळल्या नाहीत, तर कोणी काय सांगितले ते नावानिशी वेगळे ठेव. जुळवाजुळव करायची घाई नको.

विचारताना मात्र "तुला आजीचा राग येतो का" इथून सुरुवात करू नकोस. अशा प्रश्नाला कोणतीही मुलगी "नाही" असेच म्हणेल. तुम्ही दोघीच घरात असाल अशी वेळ बघ, वही बाजूला ठेव, आणि पुराच्या त्या रात्री धाकट्यांना कोणी निजवले, दाराला कडी कोणी लावली आणि पहाटे आजी परतली तेव्हा कडी काढायला कोण उठले, एवढेच विचार.