दोन महिने ‘नॉट सपोर्टेड’ का दिसतंय?

प्रश्न : माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ६.८, एम-३ (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. रात्र रात्र लिनक्सच्या कर्नलमधले ‘परफॉर्मन्स काउंटर’ घेऊन बसतो. दोन महिने झाले, स्क्रीनवर ‘नॉट सपोर्टेड’च येतंय. हार्डवेअरच करायचं होतं तर रिपेअरिंगचं दुकान टाकून दिलं असतं. त्याच्या आत्येभावाला पुण्यात १२ लाखांचं पॅकेज आहे. मी १ लाख ८० हजारांचा डेटा सायन्सचा कोर्स बघितलाय, कर्ज काढून फी भरेन. नवा लॅपटॉप बिघडेल म्हणून त्यात लिनक्स टाकू देत नाही. रात्री १० ला वायफाय बंद करतो. आमचं ऐकत नाही, तुम्हीच समजवा. – एक पालक, बार्शी

(सोबत मुलाची चिठ्ठी : व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) मधल्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पर्फ हे मोजणीचं टूल चालवतो. टास्क-क्लॉक, पेज-फॉल्टचे आकडे येतात. सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, कॅश-मिसेससमोर मात्र ‘नॉट सपोर्टेड’.)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आत्येभावाचं पॅकेज आहे, कोर्सची फी आहे, वायफाय बंद करायची वेळ आहे. पण मुलाचं म्हणणं काय, त्याचं एक वाक्य त्यात नाही. ते त्याला वेगळ्या चिठ्ठीत लिहावं लागलं. मला काळजी ६.८ ची नाही, याची वाटते. आणि त्याची चिठ्ठी वाचल्यावर स्पष्ट सांगायला हवं, की दोन महिने त्याचं काम अडलंय ते ‘लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं नाही’ या तुमच्या एका नियमामुळे.

पेज-फॉल्ट किंवा टास्क-क्लॉक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः मोजतो, म्हणून ते आकडे व्हर्च्युअल मशीनमध्येही दिसतात. सायकल्स (प्रोसेसरचे ठोके) आणि कॅश-मिसेस (जवळच्या वेगवान मेमरीत माहिती किती वेळा सापडली नाही) मोजतात ते प्रोसेसरमधले रजिस्टर, म्हणजेच परफॉर्मन्स काउंटर, आणि व्हर्च्युअलबॉक्स ते रजिस्टर आतल्या उबुंटूपर्यंत पोचूच देत नाही. तिथे दोन वर्षं बसला तरी हेच उत्तर येईल. कोणते आकडे येतात आणि कोणते येत नाहीत, हे त्याने नेमकं वेगळं करून लिहिलंय. निम्मं निदान त्याने आधीच केलंय. तुम्ही लॅपटॉपला हात लावू दिला नाहीत आणि वर ‘जमत नाही’ असा शिक्काही मारलात.

आता ‘हार्डवेअर म्हणजे दुकान’ या समजुतीबद्दल. या कामात स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, सी भाषा लागते. प्रोसेसरमध्ये मोजणीचे रजिस्टर मोजकेच असतात. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांत दर हायपरथ्रेडला (एकाच कोअरमध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला) ४ सर्वसाधारण आणि ३ ठरावीक कामाचे, आइस लेक या पिढीपासून ८ आणि ४. प्रोग्राम मात्र शेकडो चालू असतात. कुणाची मोजणी कधी सुरू करायची, प्रोग्राम बदलताना आकडा कुठे जपायचा, काउंटर भरून ओव्हरफ्लो झाला आणि इंटरप्ट (हातातलं काम थांबवणारा इशारा) आला की काय करायचं, हे कर्नलमधला कोड ठरवतो. इंटेल-एएमडीवर हा इंटरप्ट सहसा रोखता न येणारा असतो. तो हाताळताना नेहमीसारखं लॉक घेतलं तर अख्खं मशीन गोठू शकतं. म्हणून इथे फार काटेकोर माणसं लागतात. २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ मध्ये ही सोय मूळ कर्नलमध्ये आली. त्याआधी पर्फमॉन-२ आणि पर्फसीटीआर हे प्रयत्न वर्षानुवर्षं बाहेरच राहिले होते. सर्व्हर हळू का चालतोय, याचं उत्तर शोधताना आज याच आकड्यांचा आधार घेतात. तुमच्या डेटा सायन्सच्या मॉडेललाही तो आधार लागतो.

तेव्हा लॅपटॉप द्या. आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी-की कागदावर उतरवायची (ती नसली तर विंडोज उघडायचीच पंचाईत होते), फास्ट स्टार्टअप बंद करायचं आणि ८० जीबी जागा मोकळी करून शेजारी उबुंटू टाकायचं. विंडोज जागेवरच राहतं. तरी धीर होत नसेल तर जुना आय-५ लॅपटॉप घ्या. त्या कोर्सच्या फीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

चिरंजीवांसाठी : चालू कर्नलच्या आवृत्तीशी जुळणारंच लिनक्स-टूल्स पॅकेज टाक. ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ (कुणाला काय मोजू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) उबुंटूत कडक असतं, ते १ कर. इंटेलची १२वी किंवा नंतरची पिढी असेल तर एकच इव्हेंट दोनदा दिसू शकतो, कारण मोठ्या आणि छोट्या कोअरचे काउंटर वेगळे असतात. घाबरू नकोस, टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एकाच कोअरला बांध. मग ४०९६ × ४०९६ इंटिजरची मॅट्रिक्स (६४ एमबी) आधी ओळींनी, मग स्तंभांनी बेरीज करून कॅश-मिसेस ताडून बघ. बेरीज शेवटी छाप, नाहीतर कंपायलर लूपच उडवतो. त्यानंतर एकदम १२ हार्डवेअर इव्हेंट माग. आकड्यापुढे कंसात टक्केवारी येईल. रजिस्टर पुरत नाहीत म्हणून कर्नल पाळीपाळीने मोजतो आणि मोजलेल्या वेळेवरून पूर्ण आकड्याचा अंदाज बांधतो. छोट्या प्रोग्रामवर हा अंदाज साफ फसतो. एनएमआय वॉचडॉगही (मशीन गोठलंय का यावर नजर ठेवणारी कर्नलची सोय) एक काउंटर अडवून बसतो, तो बंद करून फरक बघ. मग स्वतः सी मध्ये ‘पर्फ_इव्हेंट_ओपन’ वापर. त्याला जीलिबसीचं (सी भाषेची नेहमीची लायब्ररी) आवरण नाही, ‘सिस्कॉल’नेच बोलवावं लागतं.

कर्नलचा कोड वाचताना ‘कोअर.सी’पासून सुरुवात करू नकोस, दहा हजारांवर ओळी आहेत. ‘ड्रायव्हर्स/पर्फ’मधला एखादा छोटा ड्रायव्हर घे आणि ‘ॲड, डेल, स्टार्ट, स्टॉप, रीड’ ही फंक्शन्स कोण, कधी बोलावतं ते कागदावर काढ. रिस्क-व्ही (प्रोसेसरची एक खुली रचना) चा ड्रायव्हर तर जरूर वाच. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर त्याच घराण्यातले.

नोकरीचं खरं सांगते. थेट कर्नलची जागा फ्रेशरला क्वचित मिळते, आणि अशा जागा बार्शीत नाहीत, सोलापुरात नाहीत. त्या बंगळूर, हैदराबाद आणि काही पुण्यात. सुरुवात बहुधा एम्बेडेड, बोर्ड सपोर्ट किंवा चिप व्हॅलिडेशनमधून होते. पहिलं पॅकेज आत्येभावापेक्षा कमी असू शकतं. गेट देऊन एम.टेक. किंवा सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा एम्बेडेड डिप्लोमा, हे दोन्ही रस्ते त्याला माहीत असतीलच. डेटा सायन्सच्या त्या कोर्ससाठी मात्र कर्ज काढू नका. मुलाने न मागितलेल्या विषयाचे हप्ते दोघांच्याही मानेवर बसतील.

आणि बाळा, एम-३. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅकलॉग दिसला की फॉर्मच बाजूला ठेवतात, तुझा पॅच (कर्नलसाठी लिहिलेला कोड) कुणी उघडूनही बघणार नाही. परीक्षा होईपर्यंत सकाळचे दोन तास फक्त लाप्लास आणि फूरिए. कर्नल त्यानंतर.